बाई, तुमच्या घरात कोणी तसं आहे काय?

हा प्रश्न मला कुडाळच्या बाजारात विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय आणि एकदा तर देवळात, प्रदक्षिणा अर्धी झालेली असताना. कारण एवढंच की फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईत समलैंगिकांच्या हक्कांसाठी मोर्चा निघाला, त्यातला माझा फोटो वाडीच्या ग्रुपवर फिरला. सुती साडी, खांद्याला पिशवी आणि मागे सहा रंगांचा हा लांबलचक झेंडा. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'ह्यो आमच्यो बाईच मां?'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरात कोणी आहे की नाही, हे मी सांगणार नाही. असेल तर ते सांगायचं की नाही ते त्याने ठरवायचं. नसेल, तर 'नाही हो' म्हणताना माझ्या आवाजात सुटल्याचा जो सूर लागेल, तो मला नको आहे. मी का गेले, ते मात्र सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीला मी शिकवायचे त्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. भूमितीत पक्का. चालताना कमरेत लचकायचा, म्हणून पोरं त्याला 'बायलो' म्हणायची. मी पोरांना ओरडले नाही. त्यालाच बाजूला घेऊन म्हटलं, "जरा नीट चाल रे." मायेनेच म्हटलं, असं तेव्हा वाटलं होतं. महिन्याभराने त्याची आई भेटली. म्हणाली, रोज संध्याकाळी खळ्यात चालत बसतो. तुळशीपासून माडापर्यंत, माडापासून परत तुळशीपर्यंत. तिला वाटलं, शाळेत कवायतीची काही स्पर्धा असेल. मी 'हो, हो' केलं. आणि याच गावात जत्रेला दशावतारात पुरुष करतात त्या स्त्री पार्टाची लचक बघायला आम्ही पहाटेपर्यंत जागतो. (पार्ट वेगळा, माणूस वेगळा, एवढं कळतं मला. पण तरी.) दहावीनंतर तो मुंबईला गेला, तो गणपतीलाही कधी दिसला नाही.

6 सप्टेंबर 2018 ला माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, पुसायला खाली काढली होती, गणपती आठवड्यावर आले होते. टीव्हीवर बातमी लागली. सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध यापुढे गुन्हा नाहीत, असं सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. कलम 377, इंग्रजांनी 1860 साली कायद्यात घातलेलं. म्हणजे मी त्या पोराला चाल सुधारायला सांगितली, तेव्हा कायदाही माझ्याच सुरात बोलत होता. फडकं हातात तसंच राहिलं.

(आता यांची लग्नं लागतात काय, हाही प्रश्न येतो. नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने तो विषय संसदेवर सोडला.)

तर 2019 च्या फेब्रुवारीत कोकणकन्येत बसले. मुंबईत लोकलने ग्रँट रोडला उतरून नाना चौकातून ऑगस्ट क्रांती मैदानात. 1942 ची 'छोडो भारत'ची सभा झाली तेच मैदान. मुंबईत हा मोर्चा 2008 पासून निघतो, मला तो पन्नाशी उलटून गेल्यावर कळला. हजारो माणसं, ढोल, फलक. मला वाटलं होतं घोषणा ऐकायला जातेय, पण सगळा वेळ मी लोकांचे पायच बघत होते. कोणी लचकत, कोणी ठुमकत, कोणी तरातरा, कोणी दोघं हात धरून रेंगाळत. तो दिसतो का, हेही बघत होते. इतक्या वर्षांनी ओळखला असता की नाही, देव जाणे.

मध्येच शेजारून आवाज आला, "काकी, पिन आसा काय?"

विशी-बाविशीचा मुलगा. हिरवी नऊवारी नेसलेला, डोळ्यांवर लाल कापडी मुखवटा, पदर सारखा घसरत होता. माझ्या बांगडीत दोन पिना कायमच्या अडकवलेल्या असतात. त्याला वाकायला लावून खांद्यावर पदर नीट टाचला. तोंडून सवयीने गेलंच, "खंयचो रे तू?"

तो दचकला. "मुंबयचोच," म्हणाला. इतक्या अस्सल मालवणीत की मला हसू आलं, आणि लगेच ओशाळलेही. आपल्याकडे 'खंयचो' झालं की 'वाडी खंयची', आणि मग 'कोणाचो'. तीन प्रश्नांत माणूस त्याच्या आज्यापर्यंत उघडा पडतो. पुढचे दोन मी गिळले. तोही काही बोलला नाही, दुसरी पिन मागून घेतली आणि ढोलाकडे पळाला.

परतीला कुडाळ स्टेशनवर ओळखीचा रिक्षावाला होता. पिशवी घेत म्हणाला, "बाई, मुंबयक खंय गेल्लात?"

"मोर्चाक."

"पेन्शनीच्या?"

मी 'होय' म्हटलं.