माझा व

मंगळवार, रात्री साडेअकरा

एका वाक्यापाशी अडले आहे. अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट होण्यासाठी ज्या मास्टर्सला अर्ज करते आहे, त्या विद्यापीठाला प्रवेशाआधीच सही हवी असलेला ‘आवश्यक क्षमतां’चा कागद. त्यात लिहिलंय की इंग्रजी उच्चार रुग्णासमोर नमुना म्हणून करून दाखवता आले पाहिजेत. बाकीची कलमं भराभर वाचून झाली. इथे मात्र मनात पहिलं आलं ते माझ्या तोंडी सारखेच होणारे व्हेस्ट आणि वेस्ट. सही केलेली नाही.

खरं तर आजचं काम निराळं होतं. सीएसडीकॅसवर, म्हणजे या अभ्यासक्रमांच्या सामाईक अर्जाच्या संकेतस्थळावर, आजवर शिकलेले सगळे विषय भरायचे होते. ट्रान्सक्रिप्टवर असेल तेच नाव, सत्रवार, क्रेडिट आणि ग्रेडसकट. कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा सुटा विषयही वगळायचा नाही, आणि पुन्हा दिलेला विषय दोन्ही वेळचा भरायचा. चूक राहिली तर पडताळणीतून अर्ज दुरुस्तीला परत येतो आणि ते आठवडे फुकट जातात. म्हणून मुदत जानेवारीतली असली तरी माझ्या हिशेबात ती नोव्हेंबरच.

भारतातल्या गुणपत्रिकांचं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यायचं. नुसतं पदवीचं मूल्यांकन चालत नाही, त्यात विषयच दिसत नाहीत. बी.कॉम. तीन वर्षांचं, इथली पदवी चार वर्षांची, म्हणून एम.कॉम.ही सोबत जोडलं. ‘गणित व संख्याशास्त्र’ या जोडविषयाचा मला केवढा आधार वाटत होता! पण ॲशाला, म्हणजे स्पीच थेरपिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या इथल्या संघटनेला, संख्याशास्त्र स्वतंत्र विषय म्हणूनच लागतं. संशोधनपद्धतीचा पेपर त्याच्या जागी चालत नाही. शिवाय जीवशास्त्र, एखादं सामाजिक शास्त्र, आणि भौतिक किंवा रसायनशास्त्र. त्यानंतर लेव्हलिंगचे, म्हणजे दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांनी आधी करायचे पायाभूत विषय: ध्वनिविज्ञान, मुलांचा भाषाविकास, बोलण्या-ऐकण्याची शरीररचना, स्पीच सायन्स, ऑडिऑलॉजी. यात ध्वनिविज्ञान आधी करावं. ते कच्चं राहिलं तर पुढे स्पीच सायन्समधले आलेख नुसते रेघोट्या वाटतात.

आणि ध्वनिविज्ञान म्हटलं की पुन्हा तो व.

तसा तो विषय आपल्याला जड जाऊ नये. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ या क्रमाने रचलेली वर्णमाला शाळेत जायच्या आधीपासून तोंडपाठ असते. ‘पिन’मधल्या प मध्ये हवेचा झोत असतो, ‘स्पिन’मध्ये नसतो, हे वर्गातल्या मुलींना तळहात तोंडासमोर धरून शिकावं लागतं, प आणि फ वेगळे मानणाऱ्या कानाला ते ऐकताच कळतं. ध्वनिलिपीत ळ लिहायचा तर एल अक्षराला खाली उजवीकडे वळलेली शेपूट, की झाला. पण व? इंग्रजीत दोन ध्वनी आहेत आणि आपला एकच व त्या दोघांच्या मधे उभा. गंमत अशी की लिहिताना आपण फरक पाळतो: व्हॅन, व्हिडिओ, पण वॉर्ड, वेटर. लेखणीला जे कळलं ते ओठांपर्यंत पोचलंच नाही.

एवढ्याशा ओठांच्या हालचालीवर इतकी वर्षं रेटलेली नोकरी सोडायची? प्रवेश मिळालाच तर पुढे दोन वर्षं, त्यात क्लिनिकचे ४०० तास, नंतर प्रॅक्सिस परीक्षेत किमान १६२ गुण, मग निदान ३६ आठवड्यांची देखरेखीखालची फेलोशिप. आणि समोर बसणाऱ्या मुलाची आई माझा व ऐकून... जाऊ दे. भारतात बीएएसएलपी, म्हणजे याच विषयातली पदवी, नसेल तर एमएस्सीचं दार बंदच. इथे निदान हे लेव्हलिंगचं दार आहे. आई यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे.

जेवण झाल्यावर ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘करून दाखवता आले पाहिजेत.’ सदासर्वकाळ तसंच बोललं पाहिजे, असं कुठेच म्हटलेलं नाही. ॲशाने १९९८ मध्येच भूमिका घेतली आहे की वेगळी ढब हा दोष नाही, आणि लक्ष्यध्वनीचा नमुना देता येत असेल तर ढब असलेल्यांना या कामात अडवू नये. मी हे वाचलेलं होतं. स्वतःला मात्र लावून पाहिलं नव्हतं.

आरशासमोर उभी राहिले. व्हेस्टसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवायचे आणि आवाज चालू ठेवायचा. ओठाला गुदगुली होते आणि तो ध्वनी श्वास पुरेल तितका लांबवता येतो. वेस्टसाठी दात लांब ठेवून ओठांचा ऊ करायचा आणि त्यातून पुढच्या स्वरात घसरायचं: ऊ-एस्ट, ऊएस्ट, वेस्ट. हा लांबवायला गेलं तर नुसता ऊ उरतो. लहान मुलालाही हे समजेल. दहापैकी दहा वेळा नीट आलं. सावकाश, पण आलं. बोलण्याच्या ओघात निसटेल, ते निसटू दे.

बोलणं गेलेल्या आबांना पाणी मागता येत नव्हतं, पण ‘बे एके बे’ सुरू करून दिलं की दहापर्यंत जायचे. अर्जाच्या निबंधात ते घ्यावं का? नको. आज नको.

निरीक्षणाच्या २५ तासांपैकी सहा तासांच्या कागदावर सही आहे, पण सही करणाऱ्या थेरपिस्टचा ॲशा क्रमांक लिहायचा राहिलाय. क्रमांकाशिवाय ते तास धरत नाहीत. उद्या सकाळी आधी तो मागायचा, मग त्या क्षमतांच्या कागदावर माझी सही.