समुद्रावर राहिलेली माणसं

गेल्या रविवारी एका लाल जहाजाच्या पोटात उभी असताना मी रडले. काही लागलं नव्हतं, घरून वाईट बातमी आली नव्हती. एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने जहाजाची माहिती सांगता सांगता "पंधरा" असा आकडा उच्चारला, एवढंच झालं.

जर्मनीतल्या कुक्सहाफनला येऊन मला दोन वर्षं झाली. एल्बे नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते तिथलं हे बंदर, जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. नवरा पवनचक्क्यांच्या कामात आहे, त्यामुळे आम्ही इथे. "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" असं भारतातून येणारे सगळे विचारतात आणि मी त्यांना हाम्बुर्गला पाठवून देते. यापुढे पाठवणार नाही. आधी इथली म्युझियम दाखवीन.

ते लाल जहाज म्हणजे एल्बे १. हे तरंगतं दीपगृह. नदीच्या मुखाशी जिथे दीपगृह बांधता येत नाही, तिथे नांगर टाकून ते १९४८ ते १९८८ अशी चाळीस वर्षं उभं होतं. बाकीची जहाजं वादळात बंदराकडे पळतात. याचं काम मात्र वादळात जागा न सोडण्याचं. आता ते आल्टे लीबे नावाच्या धक्क्याजवळ बंदरात असतं, आत जाता येतं. खलाशांच्या खोल्या इतक्या अरुंद की मी दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लावला. बिछान्याला कठडा, टेबलाला कठडा, स्वयंपाकघरात शेगडीलाही कठडा, भांडं सरकू नये म्हणून. पितळेचा प्रत्येक भाग लख्ख, आणि हे पुसणारे सगळे निवृत्त लोक, बिनपगारी.

तर तो स्वयंसेवक म्हणाला, याच्या आधी याच जागेवर दुसरं जहाज होतं. २७ ऑक्टोबर १९३६ ला वादळात ते उलटलं. पंधरा माणसं होती, पंधराही गेली. मग त्याने जर्मनमध्ये एक शब्दप्रयोग केला, "आउफ झे गेब्लीबन", म्हणजे समुद्रावर राहिले. इथे बुडालेल्या खलाशाला मेला म्हणत नाहीत, बुडालाही म्हणत नाहीत. समुद्रावर राहिला म्हणतात.

माझी आजी अगदी हेच म्हणते. "बाबा रामदासवर राहिले."

आम्ही अलिबाग तालुक्यातले. रामदास बोट म्हटलं की आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही, तरी पुण्या-नागपूरच्या वाचकांसाठी सांगते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सणाला घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ भर पावसात कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. मासळी विकायला मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि माणसं भरून घेतली. अख्ख्या दिवसाची, कदाचित आठवड्याची कमाई फेकून दिली त्यांनी. आजीचे वडील गिरणीत होते. ते घरी आले नाहीत. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती.

पंधरा माणसांसाठी इथे म्हातारी माणसं दर आठवड्याला पितळ घासतात. आणि सहाशे माणसांची आठवण म्हणून आमच्या घरात एक कागदाचा कपटासुद्धा नाही. बोटीचं तिकीट नाही, आजीच्या वडिलांचा फोटो नाही. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक होतं का? नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

बाहेर येऊन मी आल्टे लीबेच्या लाकडी धक्क्यावर बसले. आल्टे लीबे म्हणजे जुनं प्रेम. १७३३ मध्ये जुनी जहाजं दगडांनी भरून इथे बुडवली आणि त्यावर हा धक्का उभारला. त्यातल्या एका जहाजाचं नाव ओलिव्हिया होतं, बोलीभाषेत त्याचं होता होता जुनं प्रेम झालं अशी दंतकथा आहे. समोरून जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाचं नाव, लांबी, कुठून कुठे चाललंय, हे इथे लाउडस्पीकरवर सांगतात. लोक थर्मासमधली कॉफी पीत ऐकत बसतात. शेजारीच एक जुना लोखंडी खांब आहे, त्यावर 'बी' आणि 'एच' ही अक्षरं. बोर्कुम आणि हेल्गोलांड या बेटांवर वारा कसा आहे ते त्याच्या काट्यांवरून खलाशांना कळायचं. तिकीट नाही, दार नाही, तरी मी याला म्युझियमच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघाले होते, पण सोमवार निघाला. मंगळवारी विंडश्टेर्के १० ला गेले. नावाचा अर्थ दहा नंबरचा वारा, म्हणजे ताशी ८९ ते १०२ किलोमीटर. मासळी पॅक करून पाठवायच्या जुन्या हॉलमध्ये २०१३ पासून हे संग्रहालय आहे. एका बाजूला खोल समुद्रातली मासेमारी, दुसऱ्या बाजूला बुडालेली जहाजं, आणि या दोन गोष्टी एकाच छपराखाली ठेवणाऱ्या माणसाला समुद्र कळतो असं मला वाटलं. कोकणात वाढलेल्या कुणालाही तसंच वाटेल. मासा आणि मरण आपल्याकडेही एकाच होडीतून येतं. नारळी पौर्णिमेला आपण काय मागतो समुद्राकडे?

इथले ट्रॉलर आइसलँडपर्यंत जायचे, बर्फ भरून, तीन-तीन आठवडे. १९७५ मध्ये आइसलँडने आपली हद्द दोनशे सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि यांचं पाणीच गेलं. बोटी भंगारात निघाल्या. जी माणसं किनाऱ्यावर उरली त्यांनी जाळी, सुऱ्या, मेणकापडाचे कोट जपून ठेवले. म्हणजे हे संग्रहालय समृद्धीतून आलेलं नाही, धंदा बसल्यावर आलेलं आहे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण "त्यांच्याकडे पैसा आहे म्हणून" असं म्हणून मी दोन वर्षं सुटका करून घेत होते.

पण सगळी कबुली एकदम देणार नाही. यांच्या निवृत्त खलाशाला पेन्शन आहे. आमच्या सत्तर वर्षांच्या नाखव्याला अजून जाळं शिवावं लागतं, तो पितळ कधी पुसणार? आणि १७ जुलैनंतर एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. त्या गदारोळात रेवसच्या बोटीकडे कोण बघणार होतं? मला हे कारण अजूनही पटतं. अडचण एवढीच की तो गदारोळ संपूनही आता फार वर्षं झाली.

आणि शेजारच्या बाईंनी मला गेल्या वर्षी विचारलं होतं, "तुमच्या गावाजवळ समुद्र आहे का?" महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे, बाई! इथली करंदीसारखी बारीक कोळंबी सोलायला ट्रकमध्ये घालून मोरोक्कोला पाठवतात आणि सोलून परत आणतात. माझी मावशी ओट्यावर बसून बोलता बोलता पाटीभर सोलते, एकही मोडत नाही. त्या हातांचं कसब कुठल्या काचेच्या पेटीत मावणार? त्या दिवशी मी त्यांना सोड्यांची खिचडी खायला घातली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

बुडालेल्या जहाजांच्या बाजूला मी जास्त वेळ होते. १९ जानेवारी १८८३ ला हाम्बुर्गहून अमेरिकेला निघालेल्या त्सिंब्रिया जहाजाची बोर्कुमजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, चारशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी देश सोडून निघालेली गरीब कुटुंबं. अशा जहाजांतून वर काढलेल्या वस्तू बघताना एका बशीपाशी मी थांबले. साधी पांढरी बशी. कडेला समुद्रातल्या कवचांचा खरखरीत थर चिकटलेला, मध्ये मात्र स्वच्छ, आत्ता कुणी चहा ओतून प्यायला तर चालेल अशी. आजीचे वडील बशीतूनच चहा प्यायचे, हे आजी नेहमी सांगते.

बाकीचं थोडक्यात. हापाग या जहाज कंपनीचे १९०२ चे हॉल आणि श्टॉयबनहॉफ्ट धक्का चुकवू नका. आगगाडीतून उतरून, हॉल ओलांडून लोक थेट अमेरिकेच्या बोटीत चढायचे, ते १९६९ पर्यंत चालू होतं. घुमटाखालच्या देखण्या हॉलमध्ये मला विमानतळावरची माझी आई आठवली. रिंगेलनाट्स या कवी-चित्रकाराचं छोटं संग्रहालय गावात आहे. पहिल्या महायुद्धात तो इथे नौदलात होता. जर्मन बऱ्यापैकी येत असेल तरच जा, त्याची गंमत सगळी शब्दांत आहे. विमानांची आवड असेल तर जवळच नॉर्डहोल्त्सला नौदलाच्या विमानांचं आणि झेपेलिन या हवाई जहाजांचं म्युझियम आहे, मुलं खूश होतील.

मंगळवारी रात्री आजीला व्हिडिओ कॉल केला. तिकडे मध्यरात्र व्हायला आली होती, पण ती जागीच असते. म्हटलं, "आजी, तुझ्या बाबांचं पूर्ण नाव सांग, मी लिहून घेते." ती आधी म्हणाली, "आता कशाला ते?" मग सांगितलं. मग न विचारता बरंच काही सांगितलं. त्यांच्याकडे काळी छत्री होती, दांड्याला त्यांनी लाल दोरा बांधलेला, चाळीत बदलू नये म्हणून. त्या खेपेला ते तिच्यासाठी पाटी आणणार होते. ती कितीतरी दिवस रेवसच्या धक्क्यावर जाऊन पाण्यात ती छत्री शोधायची. माझ्या आईने हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं, फोन धरून ती मागे उभी होती.

मी येत्या मे महिन्यात महिनाभर अलिबागला आहे. रेवस, बोडणी, मांडवा, थळ, कुठेही, तुमच्या घरी रामदासवर राहिलेल्या कुणाचं काही असेल, पत्र, फोटो, भांडं, नुसतं नाव आणि वय आठवणारं कुणी म्हातारं माणूस, तर मला बोलवा. वस्तू मागणार नाही. घरात बसून फोटो काढीन, सांगाल ते लिहून घेईन आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवून जाईन. पहिल्या पानावर आजीच्या वडिलांचं नाव लिहिलं आहे.