लपणारीलाही सोबत लागते

गेली तीन वर्षं मी डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून डाइस टाकत गोष्ट रचायच्या खेळात, एकच कॅरेक्टर खेळतेय, हाफलिंग (बुटक्या माणसांची जमात) आहे, क्लास म्हणजे पेशा रोग, नाव चिमणी. रोग म्हणजे आजार नव्हे, त्या क्लासचं इंग्रजी नावच तसं आहे, पण मराठीत लिहिताना दरवेळी खटकतं म्हणून इथून पुढे मी सरळ चोर लिहिणार आहे. चिमणी नाव ठेवलं कारण अंगणात मोर आला तर अख्खं घर खिडकीशी गोळा होतं, चिमणी आली तर कोणी मान वर करत नाही, आणि मला असंच कोणीतरी खेळायचं होतं, जिच्याकडे बघायचं कोणाला सुचतच नाही.

आम्ही पाच जण आणि डीएम (म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम चालवणारा), दर दुसऱ्या शनिवारी ठाण्यात एका मैत्रिणीच्या घरी जमतो. सुरुवातीच्या महिन्यांतला एक सेशन माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. बंदरावरचं मिठाचं गोदाम, आत कोणालातरी डांबून ठेवलेलं, बाहेर पहारा. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी बघून येते. आणि गेले. आधी छपरावर, मग खिडकीतून आत, मग पोत्यांच्या थप्पीमागून सरकत तळघराच्या जिन्यापर्यंत, प्रत्येक वळणावर एक स्टेल्थ रोल, म्हणजे लपणं जमलं का ते ठरवायला डाइस टाकणं, प्रत्येक रोलनंतर डीएमचं झकास वर्णन, ओल्या मिठाचा वास काय, दूर कुठेतरी बोटीच्या दोराची करकर काय, मी त्यात इतकी रंगून गेले की वेळ किती गेला ते कळलंच नाही. मान वर केली तर चाळीस मिनिटं झाली होती. क्लेरिक (देवाच्या शक्तीवर चालणारा पुजारी) खेळणारा मित्र मोबाइलवर मॅचचा स्कोअर बघत होता, विझर्ड म्हणजे जादूगार खेळणारी स्वयंपाकघरात चहा गाळत होती, आणि पॅलाडिन (चिलखत घातलेली धर्मयोद्धा) खेळणारी मैत्रीण, जी बदलापूरहून लोकलने येते, तिने तिचे सगळे डाइस रंगाप्रमाणे ओळीत लावून ठेवले होते. मग ती ओळ मोडून आकाराप्रमाणे लावली. ती एक शब्द बोलली नाही.

आणि पाचव्या रोलला मी पकडले गेले. म्हणजे मी जे काही बघितलं होतं, आत किती माणसं, कैदी कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, त्यातलं काहीही बाकीच्यांपर्यंत पोचलं नाही, ते आरडाओरडा ऐकून आंधळेपणाने आत घुसले आणि आमचा क्लेरिक तिथे मरता मरता वाचला.

घरी जाताना रिक्षात मला तो क्लेरिक नाही आठवला, ती डाइसची ओळ आठवत राहिली.

मग मी जरा हिशोब करून बघितला. चिमणी तेव्हा तिसऱ्या लेव्हलची होती. डेक्स्टेरिटीचे म्हणजे चपळाईचे 3, प्रोफिशिअन्सीचे म्हणजे सरावाचे 2 आणि एक्सपर्टाइझमुळे त्या 2 चे डबल, म्हणजे स्टेल्थ एकूण +7, ते डाइसवरच्या आकड्यात मिळवायचे. साधा पहारेकरी घेतला, पुस्तकातला गार्ड, तर त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे डाइस न टाकता धरलेली नजर आणि कान, 12. आमच्या टेबलावर बरोबरी झाली तर लपणाऱ्याची जीत, म्हणून 20 बाजूंच्या डाइसवर 5 किंवा त्याहून जास्त आलं की काम झालं. 80 टक्के! मस्त वाटतं ऐकायला. पण असे पाच रोल लागोपाठ करायचे आणि पाचही लागले पाहिजेत, तर 80 टक्क्यांचे थेट 33 टक्क्यांच्या आसपास होतात. म्हणजे डीएमने दर दाराशी रोल मागितला की कितीही तरबेज चोर असला तरी तो पकडला जाणारच, फक्त कितव्या दाराशी एवढाच प्रश्न. आमच्या डीएमने हे ऐकून घेतलं, चिडला नाही, आणि तेव्हापासून आमच्याकडे एका जागेला एकच रोल. तो आकडा ती जागा सोडेपर्यंत चालतो. परिस्थिती खरंच बदलली, म्हणजे कुत्रं आलं, पोतं पडलं, तरच नवीन रोल.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही मला कोणी आधी का सांगितली नाही असं वाटलं. अंधुक उजेडात नजरेवर चालणाऱ्या पर्सेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो, म्हणजे दोन डाइस टाकून लहान आकडा धरायचा, आणि पॅसिव्हच्या बाबतीत डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे सरळ 5 वजा. त्या 12 च्या पहारेकऱ्याचे 7 होतात. माझे +7, डाइसवर 1 जरी आला तरी 8. म्हणजे त्याने नुसत्या डोळ्यांनी मला बघायचं म्हटलं तर तो मला बघूच शकत नाही! कान आहेतच म्हणा, ते वेगळं. पण एक कंदील विझवणं हे कुठल्याही चांगल्या रोलपेक्षा मोठं काम आहे, आणि कंदील विझवायला चोरच लागतो असं नाही, विझर्ड ते बसल्या जागेवरून करू शकते, लांबून वस्तू हलवणारा जादूचा हात असतो तिच्याकडे. हे लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मी जे एकटीचं काम समजत होते ते एकटीचं नाहीच.

ही एकटेपणाची सवय जुनी आहे. 1974 साली हा खेळ आला तेव्हा चोर हा क्लासच नव्हता, तो 1975 च्या पुरवणीत आला. 1978 च्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायची संधी किती, तर 10 टक्के, बिनआवाज चालायची 15, भिंत चढायची मात्र 85. म्हणजे बिचारा भिंत झकास चढायचा आणि वर गेल्यावर दिसायचा. पण तेव्हा एक गंमत होती जी मला मनापासून आवडते, ती ही की या असल्या गोष्टींचा रोल डीएम गुपचूप करायचा, आपण लपलोय की नाही हे चोराला स्वतःला माहितीच नसायचं. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत लपणं आणि आवाज न करणं ही दोन वेगळी स्किल्स होती, समोरच्याचं बघणं आणि ऐकणंही वेगळं, एका पहारेकऱ्यामागे चार चार आकड्यांची झटापट. 2008 मध्ये सगळं मिळून एक स्टेल्थ आणि एक पर्सेप्शन झालं, आणि ते बरंच झालं. 2024 च्या पुस्तकात लपायला किमान 15 लागतात आणि जो आकडा येईल तो तुम्हाला शोधणाऱ्याला गाठावा लागतो. आम्ही अजून 2014 च्या आवृत्तीवरच आहोत, बदलायचा कोणाला उत्साह नाही.

आता 2014 च्या नियमांत काय काय लिहिलंय ते नीट बघा. चोराचा सगळ्यात मोठा वार म्हणजे स्नीक अटॅक, नावावरून वाटतं की मागून अंधारातून यायला हवं. पण आपल्या बाजूचं कोणीतरी त्या शत्रूच्या पाच फुटांत उभं असेल तरी तो लागतो, लपायची गरजच नाही. आणि चिमणीसारख्या लाइटफूट हाफलिंगला तर अजून एक गोष्ट मिळते, स्वतःपेक्षा एका आकाराने मोठ्या प्राण्याच्या आड लपायची मुभा. मोठा प्राणी म्हणजे कोण? आमची पॅलाडिन! उंचपुरी, साखळीचं चिलखत घातलेली, चालली की भांड्यांचं कपाट हलवल्यासारखा आवाज करणारी. मी पहिलं वर्षभर तिला मागे सोडून पुढे जात होते, आणि नियम मला सांगत होता की तुझी लपायची जागा तीच आहे.

चिलखतवाल्यांना लोक स्टेल्थमधून सरळ बाद करतात, "तू इथेच थांब, तुझा आवाज होतो." मला हे आता अजिबात पटत नाही. पाच जणांचा वेगवेगळा रोल घेतला आणि प्रत्येकाला 60 टक्के संधी धरली तर पाचही जण सुटण्याची शक्यता 8 टक्क्यांच्या आसपास, म्हणून सगळे म्हणतात की एकटा चोर जाऊ दे. पण पुस्तकात ग्रुप चेक दिलेला आहे, निम्मे किंवा जास्त लोक पास झाले तर सगळा गट पास. तेच पाच जण, तेच 60 टक्के, आणि शक्यता होते 68. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा तीनदा तपासलं. ज्याचं चांगलं आहे त्याने ज्याचं वाईट आहे त्याला सांभाळून न्यायचं, हाच त्या नियमाचा अर्थ.

आपल्याकडे हे कोणाला नवीन सांगायला नको खरंतर. 1673 साली कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला तो साठ माणसं बरोबर घेऊन, रात्री कडा चढून. साठ! आणि वर गेल्यावर मुद्दाम कर्णे वाजवले, म्हणजे गडावरच्यांना वाटावं की चहूबाजूंनी फौज आली. गुपचूप जाणं आणि नेमक्या वेळी आवाज करणं, दोन्ही ठरवून. मी चिमणीला एकट्या मारेकऱ्याच्या साच्यातून बाहेर काढायला लागले तेव्हा डोक्यात हेच होतं, तिने एकटीने पराक्रम करण्यापेक्षा सगळ्यांना वर कसं न्यायचं ते बघावं.

तर मागच्या पावसाळ्यातला सेशन. एका मठाच्या अंगणातून रात्री पलीकडे जायचं होतं, पाचही जणांना, मध्ये कोणी मागे ठेवायचं नाही असं मीच म्हटलं. पॅलाडिनची डेक्स्टेरिटी 10, म्हणजे 12 गाठायची संधी 45 टक्के, वर चिलखताचा डिसअ‍ॅडव्हान्टेज धरला की 20. मी डीएमला विचारलं, मी तिला मदत केली तर? तो म्हणाला, कर, पण कशी ते सांग. हा प्रश्न मला फार आवडतो. मग मी सांगितलं, आधी माझी घोंगडी फाडून तिच्या खांद्याच्या आणि कमरेच्या कड्यांमध्ये चिंध्या कोंबते, मग तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेते, मी थांबले की तिने थांबायचं, आणि मठाची घंटा तासाला जितके टोल देईल तितकीच पावलं टाकायची, टोल आणि पाऊल एकत्र. अकराचे टोल होते. टेबलावर सगळे मोजायला लागले. डीएम बोटाने स्टीलच्या पेल्यावर टण् करून वाजवायचा आणि पॅलाडिनवाली मैत्रीण खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलायची, खरोखर, तिला कळतही नव्हतं. मदतीमुळे तिचा डिसअ‍ॅडव्हान्टेज कटला, एकच डाइस टाकायचा होता, आणि तिने टाकला तो 4. पण मी, विझर्ड आणि आमचं पाचवं कॅरेक्टर रेंजर पास झालो होतो, पाचातले तीन, म्हणजे गट पास. डीएमने सांगितलं की नवव्या टोलाला तिच्या तलवारीचं टोक फरशीला लागलं आणि चिमणीने ते दोन्ही हातांत धरून ठेवलं पुढच्या दोन टोलांपर्यंत.

त्या रात्री कोणी मोबाइलला हात लावला नाही.

एकटीने जायची वेळ येत नाही असं नाही, येते, पण आता ती आम्ही वेगळ्या तऱ्हेने खेळतो. मी आत गेले की पहारेकऱ्यांचं बोलणं डीएम बाकीच्यांना वाटून देतो. दोन ओळींची चिठ्ठी, एकाला थंडी वाजतेय, दुसऱ्याला घरी जायचंय, आणि मग क्लेरिक आणि पॅलाडिन तिथेच बसून गप्पा मारायला लागतात आणि मला त्यांच्या बोलण्यातून काय ते उचलावं लागतं. यातून इतक्या चांगल्या गोष्टी निघाल्यात, एका पहारेकऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलंय हे क्लेरिकने जाता जाता घातलं आणि आम्ही पुढे ते तीन सेशन वापरलं. दहा मिनिटं झाली की डीएम मला जिथे आहे तिथे गोठवतो, मग बाहेरच्यांची पाळी. आणि परत आल्यावर मी "यांना सगळं सांगते" असं म्हणून मोकळी होत नाही, वहीच्या पानावर नकाशा काढते, चिमणीच्या तोंडून सांगते, कधीकधी एखादी गोष्ट चुकीची सांगते कारण अंधारात तिला तशीच दिसली असेल.

एका गोष्टीबद्दल मात्र मला अजून राग येतो. पूर्वी एका दुसऱ्या टेबलावर एक चोर होता, तो आमच्याच पिशव्यांतून वस्तू उचलायचा, डीएमला चिठ्ठ्या द्यायचा, आणि विचारलं की म्हणायचा माझं कॅरेक्टर असंच आहे. माझी दोन महिने जपून ठेवलेली बरं होण्याच्या औषधाची शेवटची बाटली त्याने विकली आणि लढाईत मी ती शोधत राहिले. तो माणूस वाईट नव्हता, पण चोर म्हणजे सगळ्यांपासून लपायचं असं त्याला वाटत होतं, टेबलावरच्या माणसांपासूनसुद्धा. मला वाटतं तुम्ही नवीन चोर बनवत असाल तर कोपऱ्यात तोंड झाकून बसलेला, कोणावर विश्वास नसलेला, असा बनवण्याआधी एवढं ठरवा की तो जे बघून येईल ते पहिल्यांदा कोणाला सांगेल. एक नाव लिहा शीटवर. चिमणीच्या शीटवर आता पॅलाडिनचं नाव आहे, पेनाने लिहिलंय, पेन्सिलीने नाही.

येत्या शनिवारी आम्ही एका दीपगृहात शिरतोय. मागच्या वेळी मी एकटी जाऊन जिना बघून आले, बावन्न पायऱ्या, तिसरी आणि एकोणिसावी कुरकुरते, सत्तावीसच्या वर भिंत ओली आहे म्हणून हात लावायचा नाही. हे सगळं वहीत काढून ग्रुपवर फोटो टाकलाय. पॅलाडिनवालीने काल रात्री विचारलं की चिलखताखाली घालायला नमदा कितीला मिळतो, आणि विझर्डने दिवा कुठल्या मजल्यावर आहे ते.