राणीची जोडी आणि साठ हजार चिप्स

लास वेगासला जुलैत बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि पत्त्यांच्या हॉलमध्ये एसी असा की मी फीनिक्सहून मुद्दाम स्वेटर नेला होता. २०२४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पत्त्यांच्या स्पर्धामालिकेच्या मेन इव्हेंटमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, मी पहिल्यांदाच बसलो.

प्रवेश फी १०,००० डॉलर. एवढे पैसे मी खिशातून काढले नसते. १,१०० डॉलरच्या सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा हेच बक्षीस असलेल्या छोट्या स्पर्धेत, जागा जिंकली, आणि त्या १,१०० मध्येही चार मित्रांचा वाटा होता. २००३ मध्ये टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर असाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. आमच्या वर्षी १०,११२ जण होते. एवढ्यांना एकदम बसवता येत नाही, म्हणून 'पहिला दिवस' चार दिवस चालतो.

आई फोनवर म्हणाली, "म्हणजे जुगारच ना रे?" आपल्याकडे दिवाळीतली तीन पत्ती नाहीतर गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी, एवढंच डोळ्यापुढे येतं. तिला सांगितलं, फी एकदाच भरायची, त्यापलीकडे एक पैसा जात नाही. समोरच्या ६०,००० चिप्स, म्हणजे खेळातल्या चकत्या, डॉलर नव्हेत. त्या संपल्या की घरी, पुन्हा फी भरून बसता येत नाही. नशीब लागतंच, पण त्याहून जास्त लागतो दम.

"शफल अप अँड डील!" (पत्ते पिसा आणि वाटा) अशी घोषणा झाली आणि हॉलभर चिप्सचा आवाज सुरू झाला, पत्र्यावर पावसाची सर यावी तसा. दोन-दोन तासांच्या पाच फेऱ्या. सुरुवातीचे ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स, १००-२००; घाई करायचं काहीच कारण नाही. तरी शेजारच्या टेबलावरचा एक तरुण पहिल्याच तासात बाद झाला. उठून सगळ्यांशी हात मिळवले, पाठीला सॅक लावली आणि निघाला. मला पोटात कालवलं.

तिसऱ्या फेरीत मला राणीची जोडी आली, इस्पिक आणि चौकट. मी १,००० लावले. समोरच्या आजोबांनी चार तासांत जेमतेम दोन डाव खेळले होते. त्यांनी ३,५०० केले. मी तेवढे भरले. टेबलावर सगळ्यांसाठीचे उघडे पत्ते: गुलाम, सत्ती, दुर्री. त्यांचे ५,०००, माझेही. मग तिर्री पडली आणि त्यांनी न बोलता १४,००० पुढे सरकवले.

त्यांच्या हाताकडे पाहिलं. थरथर नव्हती. नो-लिमिटमध्ये, म्हणजे लावायला मर्यादा नसलेल्या खेळात, पुढच्या पत्त्यावर सगळंच मागितलं जाऊ शकतं. दोन मिनिटं विचार केला आणि डाव सोडला, राण्या उलट्या ठेवून डीलरकडे, पत्ते वाटणाऱ्याकडे, ढकलल्या. आजोबांनी आपले पत्ते दाखवले नाहीत. आजही मला वाटतं, मी बरोबर केलं.

मध्यरात्रीच्या सुमारास त्या दिवसाचा खेळ थांबला आणि उरलेल्या चिप्ससाठी पारदर्शक पिशव्या वाटल्या. दोनदा मोजून चिप्स आत भरल्या, वर नाव आणि आकडा लिहिला: ४७,३००. पिशवीचं तोंड चिकटवलं आणि पार्किंगमधूनच आईला फोन लावला. तिकडे दुपार होती.

"जेवलास का?" तिने विचारलं.