तुम्ही विचारलंत म्हणून: 1929 नाही, 1907

शेअर बाजाराच्या इतिहासावर कुठेही बोलणं झालं की चहाच्या वेळी कुणीतरी गाठून विचारतंच, "अमेरिकेच्या बाजारातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग कुठला हो? 1929 ला बाजार कोसळला, तोच ना?" उत्तर त्यांनीच देऊन टाकलेलं असतं. त्यामुळे मी 1907 म्हटलं की मंडळी जरा हिरमुसतात.

त्या ऑक्टोबरात ऑगस्टस हाइन्झ नावाच्या तांब्याच्या व्यापारातल्या एका बड्या असामीने युनायटेड कॉपरचे शेअर गोळा करून भाव चढवायचा डाव टाकला. तो फसला आणि 60 डॉलरचा शेअर दोन दिवसांत 10 वर आला. तेवढ्यावर भागलं असतं, पण निकरबॉकर ट्रस्ट या न्यूयॉर्कच्या ट्रस्ट कंपनीच्या, म्हणजे बँकेसारख्याच ठेवी घेणाऱ्या संस्थेच्या, अध्यक्षाची हाइन्झच्या गोटात ऊठबस आहे असा बोभाटा झाला. 22 ऑक्टोबरला ठेवीदार दारात. तीन तासही झाले नाहीत तोच 80 लाख डॉलर वाटून खिडक्या बंद!

दुसऱ्या दिवशी रांग ट्रस्ट कंपनी ऑफ अमेरिकासमोर. आतले कॅशियर मुद्दाम सावकाश नोटा मोजत होते, म्हणजे तेवढाच दिवस ढकलला जाईल. बाहेर रांगेतली जागा धरायला लोक चक्क पैसे देऊन माणसं उभी करत होते.

बँक अडचणीत आली की आपण रिझर्व्ह बँकेकडे बघतो. तिथे बघायला कुणी नव्हतंच. 1836 नंतर अमेरिकेला मध्यवर्ती बँक नव्हती. होते ते न्यूयॉर्कचे बडे बँकर जे. पी. मॉर्गन: वय 70, सरकारी पद शून्य. संकटाची चाहूल लागली तेव्हा गृहस्थ रिचमंडला चर्चच्या अधिवेशनात होते. तिथून आले आणि सूत्रं हातात घेतली. 24 तारखेला शेअर बाजाराचे अध्यक्ष धावत आले, पैसे मिळाले नाहीत तर बाजार वेळेआधी बंद करावा लागेल म्हणाले. मॉर्गननी बँकांच्या प्रमुखांना बोलावून पंधरा-वीस मिनिटांत 2 कोटी 36 लाख डॉलर उभे केले.

पण मला बघायला आवडली असती ती 2 नोव्हेंबरची, शनिवारची रात्र. मॉर्गननी आपल्या खासगी ग्रंथालयात एका दालनात बँकवाले बसवले, दुसऱ्यात ट्रस्टवाले. डळमळणाऱ्या ट्रस्टना बाकीच्यांनी 2 कोटी 50 लाख डॉलर द्यावेत, एवढीच मागणी. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. यजमान बाजूच्या खोलीत एकटेच पत्त्यांचा डाव मांडून बसलेले. कुणीतरी निघायला म्हणून दाराशी गेला, तर बाहेरच्या दाराला कुलूप, आणि किल्ली मॉर्गनच्या खिशात. पहाटे पाचच्या सुमारास त्यांनी युनियन ट्रस्टच्या एडवर्ड किंगना हाताला धरून टेबलापाशी नेलं आणि पेन हातात दिलं. किंगनी सही केल्यावर बाकीच्यांनीही मुकाट्याने केल्या.

याला मी परोपकार म्हणणार नाही. त्याच दिवसांत मॉर्गननीच उभ्या केलेल्या यूएस स्टीलने टेनेसी कोल अँड आयर्न ही प्रतिस्पर्धी कंपनी स्वस्तात पदरात पाडून घेतली. मक्तेदारीविरोधाचा झेंडा मिरवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी आडकाठी करू नये म्हणून माणसं रातोरात खास रेल्वेने वॉशिंग्टनला गेली. सोमवारी बाजार उघडायच्या आत होकार आला.

देशाचा पैसा एका खासगी माणसाच्या खिशातल्या किल्लीवर अवलंबून आहे, हे बघून राजकारणी हादरले. त्यातूनच डिसेंबर 1913 मध्ये फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा झाला. मॉर्गन त्याच वर्षी मार्चमध्ये रोमला वारले होते.

आणि तुमचं 1929? तेव्हाही बड्या बँकवाल्यांनी हाच प्रयोग करून पाहिला. 24 ऑक्टोबरला बाजार कोसळत असताना त्यांच्या वतीने शेअर बाजाराचे उपाध्यक्ष रिचर्ड व्हिटनी फ्लोअरवर, म्हणजे सौदे होतात त्या दालनात, गेले आणि चालू भावाच्या वर, 205 डॉलरने, यूएस स्टीलचे शेअर मागितले. शुक्रवार-शनिवार कसेबसे निभले. सोमवारी बाजार पुन्हा गडगडला. फेडरल रिझर्व्ह असूनही पुढच्या काही वर्षांत हजारो बँका बुडाल्या. व्हिटनी पुढे अफरातफरीपायी तुरुंगात गेले, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.