लघवी झाल्याशिवाय पोटॅशियम नाही

लावणीच्या दिवसांत विहिरींत गढूळ पाणी उतरतं आणि सिंधुदुर्गातल्या आमच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. त्यातल्याच एका रात्रीचं काम इथे क्रमाने लिहितेय, कारण नव्या सिस्टर नेमक्या याच जागी अडखळतात.

बाई पन्नाशीच्या, वजन 45 किलो, दोन दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, नाडी बारीक, चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाणारी. "पायात जोरच रवलो नाय, सिस्टर," असं त्या म्हणाल्या. सोबत पोट फुगलेलं आणि आतड्याचा आवाज मंद असला की हा नुसता थकवा नसतो, पोटॅशियम उतरलेलं असतं. श्वास जलद आणि खोल होता, पण छाती साफ आणि ऑक्सिजन 98. जुलाबातून बायकार्बोनेट निघून गेल्यावर रक्तात आम्ल वाढतं. ते कार्बन डायऑक्साइडच्या वाटेने बाहेर टाकायला शरीर असा श्वास घेतं.

रक्त सलाईन जोडण्याआधीच घेतलं. सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेलं रक्त पातळ निघतं, त्या रिपोर्टचा काही उपयोग नसतो. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवायचं नाही, मूठ उघडझाक करायला सांगायचं नाही. आमच्याकडे नमुना मोटारसायकलवरून तालुक्याला जातो. खड्ड्यांत पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. म्हणून प्लाझ्मा (रक्तातला पेशींवेगळा द्रव) लालसर दिसत होता का, हे मी लॅबला फोन करून विचारतेच.

दोन्ही हातांच्या शिरेत 18 नंबरचा कॅन्युला, म्हणजे सलाईनची नळी. डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे रिंगर लॅक्टेट हे सलाईन, किलोला 100 मिली: पहिल्या अर्ध्या तासात 1350, पुढच्या अडीच तासांत 3150. या वयात मधेमधे छातीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावायचाच; बुडबुडे ऐकू आले तर वेग कमी करून डॉक्टरांना बोलवायचं.

रिपोर्ट आला: सोडियम 132, पोटॅशियम 2.4, बायकार्बोनेट 14. आम्ल वाढलेलं असताना पोटॅशियम पेशीतून रक्तात येतं. तरीही ते इतकं कमी, 2.4, म्हणजे खरी तूट आकड्यापेक्षा मोठी. आम्ल उतरू लागलं की ते पुन्हा पेशीत शिरणार आणि आकडा आणखी खाली जाणार. अशा वेळी घाईने सोडाबायकार्ब दिलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तरी लगेच पोटॅशियम जोडलं नाही. किडनी बंद असेल तर तेच औषध हृदय थांबवतं. या वजनाला तासाला निदान 22 मिली लघवी हवी. दोन तासांत युरोबॅगेत (लघवी साठवायच्या पिशवीत) 60 मिली आली, तेव्हा सुरुवात केली.

पोटॅशियम क्लोराइडच्या 10 मिलीच्या अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं. ते थेट शिरेत कधीच द्यायचं नाही. 500 मिली नॉर्मल सलाईनमध्ये एक अँप्युल. डेक्स्ट्रोजमध्ये नको, कारण साखरेने इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम पेशीत ढकललं जातं. बाटली स्टँडवर लटकत असताना औषध टोचू नका. ते जड असल्याने तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं शिरेत जातं. बाटली खाली काढायची, टोचायचं, दहा वेळा उलटी-सुलटी करायची, लाल पेनाने लेबल लावायचं. या अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये दिसल्या तर हातातलं काम सोडून आधी त्या वेगळ्या करा, नाहीतर पाणी समजून कुणी त्या टोचेल.

बाटली दोन तासांत, म्हणजे तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंट. हाताच्या शिरेतून साधारणपणे याहून जास्त वेग नको. मिलीला 20 थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला 83 थेंब, पंधरा सेकंदांत 21. पेशंटने कोपर वाकवलं की वेग बदलतो, म्हणून दर अर्ध्या तासाने मोजायचे. मॉनिटर लावलेला हवा. ईसीजीच्या रेषेतली टी लाट उंच टोकदार झाली की सलाईन आधी बंद, मग फोन. हात जळजळला तर वेग कमी करायचा, सूज दिसली तर जागा बदलायची.

तीन बाटल्यांनंतर 2.9. इतकं देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. ते कमी असलं की किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही. याच मोसमात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) पेशंट असतात. त्यांच्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं, लघवी भरपूर आणि पोटॅशियम मात्र कमी, असंही दिसतं. लघवी आटली तर तेच चढतं. तिथे अंदाजाने काहीच देऊ नये.

सकाळी नातेवाईक शहाळी घेऊन आले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही, आणि किडनीच्या पेशंटला तर धोक्याचंच. या बाईंना एक चाललं, पण चार्टवर मिली लिहूनच. 20.5 ग्रॅमचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात; पेल्यात अर्धं-अर्धं टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं. भूक लागल्यावर मीठ घातलेली पेज, वाटीने मोजून. दुपारी पोटॅशियमचं सिरप सुरू झालं: 15 मिली, पेलाभर पाण्यात, जेवणानंतर. संध्याकाळी बाई खाटेची कड धरून स्वतः उभ्या राहिल्या. तोवर युरोबॅग काढली नव्हती.