'कबूल' म्हणण्याआधी कागद वाचून घ्या

"एकशे पंच्याऐंशीची केस ना? कबूल कर, दंड भर, मोकळा हो." एकशे पंच्याऐंशी म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत हा सल्ला फुकट मिळतो. मी गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवर वकील आहे आणि मला या सल्ल्याची चीड येते. देणाऱ्याचं काही जात नाही. घेणारा बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो आणि त्याचं लायसन जातं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली तर गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. कलम 20 मात्र टपरीवर कुणी सांगत नाही. 185 खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने किमान सहा महिने लायसनसाठी अपात्र करायचं असतं. आणि कबुली दिली की ती शिक्षा नोंदीवर राहते. पुढे कधी पुन्हा नाव आलं तर ती केस 'दुसरी' म्हणून मोजली जाते.

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. नवऱ्याचा टेम्पो, रात्री भाजी भरून वाशी मार्केटला जायचा. नाकाबंदीत सापडला. बाईंनी आल्या आल्या सांगितलं, "ताई, ह्यांनी घेतली होती. मी खोटं बोलणार नाही. पण गाडी उभी राहिली तर हप्ता कुणी भरायचा?" मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून ब्रेथ अ‍ॅनालायझरची चिठ्ठी काढली. ही चिठ्ठी बसच्या तिकिटाच्या कागदासारखी असते, ऊन लागलं, घाम लागला की अक्षरं उडतात. तिच्यावरचे आकडे आताच फिके व्हायला लागले होते. बाईंना आधी झेरॉक्सला पाठवलं, मग बोलायला बसलो.

त्या चिठ्ठीत मी काय बघते ते सांगते. नाव, तारीख, वेळ, मशीनचा नंबर, आकडा. मग ही वेळ अटकेच्या वेळेशी जुळवायची आणि अटकेची वेळ दवाखान्यातल्या तपासणीच्या वेळेशी. कलम 202 प्रमाणे 185 मध्ये अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागतं. दोन तास उलटले म्हणून केस आपोआप पडत नाही, हेही पक्षकाराला तिथेच सांगावं लागतं. रक्त घेतलं असेल तर नमुना कधी घेतला, सील कुणी केलं, प्रयोगशाळेत कधी पोचला, सीए रिपोर्ट, म्हणजे तिथल्या रासायनिक तपासणीचा अहवाल, आला का, हे सगळं बघायचं.

या माणसाच्या कागदांत कुठे खोट नव्हती. आकडा 96 होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, लढण्यासारखं काही नाही. पण तारखेआधी आम्हाला तीन आठवडे मिळाले, आणि वकिलाचा उपयोग तिथे झाला. मेव्हण्याकडे ट्रान्सपोर्टचं लायसन होतं, त्याला गाडीवर बसवायचं ठरलं. फायनान्सवाल्याशी बाई स्वतः जाऊन बोलून आल्या. कोर्टात कबुली दिली ती सगळं माहीत असून दिली. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, घर त्याच्यावर चालतं, हे मी मांडलं. दंड झाला, लायसन सहा महिने गेलं, कैद झाली नाही. गाडी एकही दिवस उभी राहिली नाही.

दुसरा एक मुलगा, आयटीआय झालेला. त्याचा आकडा 34. फाटकाशी कुणीतरी दोन हजार घेऊन "पाच मिनिटांत मिटवतो, फक्त हो म्हण" असं सांगून त्याला आत आणलेलं. तिशीच्या इतक्या जवळचा आकडा असेल तर मशीन शेवटचं कधी तपासलं, त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे, हे विचारायलाच हवं. मी तसा अर्ज दिला आहे. केस चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

नात्यातली माणसं मला विचारतात, दारू पिऊन चालवणाऱ्याच्या बाजूने तू उभी कशी राहतेस? मी अपघात दाव्यांची कामंही करते, गेलेल्या माणसाच्या आईशेजारी बाकावर बसते. 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. त्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. ती शिक्षा अपुरी होती असं मला आजही वाटतं. पण शिक्षा कायद्याने आणि कागदावर तपासून व्हावी, फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या सांगण्यावरून होऊ नये, हे मी दोन्ही बाकांवर बसून म्हणते.

रस्त्यावरच्या दोन गोष्टी. 185 जागेवर तडजोडीने मिटत नाही, ते कोर्टातच जातं. नाक्यावर कुणी रोख मागत असेल तर ती लाच आहे. आणि फुंकायला नकार दिला म्हणजे सुटलो असं नाही. संशयाला आधार असेल तर त्यावरूनही अटक होते आणि तो नकार पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. हा गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा जामीन हा हक्क आहे, घरच्यांनी त्यासाठी कुणाचे पाय धरायची गरज नाही.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. नवरा लॉकअपमध्ये असेल तर बायकोने अर्ज आणला तरी चालतो. पॅनेलवरच्या वकिलाने फी मागायची नसते. मागितली तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, माझ्याबद्दल असली तरी.